तळघरातला तंबू आणि नगरचा गांजा



आजच्या भागाला निमित्त आहे एका ताईंच्या प्रश्नाचं. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला. त्याने तळघरातल्या खोलीत काळ्या कापडाचा एक तंबू उभा केलाय. आत चंदेरी अस्तर, वर एलईडी दिवा, पंखा, आणि तीन कुंड्या. झाडं कसली ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या महिन्यात सासूबाई नगरहून येणार आहेत. ताईंनी विचारलं, "मुलगा म्हणतो हे कायदेशीर आहे, आणि हे 'ऑटोफ्लॉवर' आहे, साधं झाड नाही. मी आईंना काय सांगू? हा आपल्याकडचा गांजाच ना?"

प्रश्न बरोबर माणसाच्या घरून आलाय. कारण एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गांजाचं पीक कुठे येतं असं विचारलं, तर पहिलं नाव नगर जिल्ह्याचं घेतलं जाई. आजचं अहिल्यानगर. परवान्याने लावायचं, सरकारी देखरेखीत विकायचं, असं ते पीक होतं. मुंबई बंदरातून हाच माल युरोपातही जाई आणि जर्मन औषधांच्या दुकानांत 'इंडियन हेम्प'चा अर्क म्हणून बाटलीत मिळे. तेव्हा सासूबाईंच्या गावचं आणि या देशाचं हे नातं काही तंबूपासून सुरू होत नाही.

पण आधी एक घोळ निस्तरू. इंग्रजी 'हेम्प'चं भाषांतर आपल्याकडे बिनधास्त 'ताग' किंवा 'अंबाडी' असं करतात. ही दोन्ही झाडं वेगळी. आपल्याला दोरासाठी ताग होता, अंबाडी होती, त्यामुळे गांजाच्या झाडाच्या सालीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. आपण त्याची ओळख ठेवली ती शेंड्यावरच्या चिकट फुलांसाठी आणि भांगेच्या पानांसाठी. जर्मनीत नेमकं उलट. इथे त्याला 'हान्फ' म्हणतात, आणि शेकडो वर्षं तो म्हणजे दोर, गोणपाट, जहाजाची शिडं, चिंध्यांपासूनचा कागद, खाण्याचं बी. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने औषधी वनस्पतींबद्दल लिहिलं त्यात हान्फ आहे. झाडाची जात एक, पण दोन देशांनी त्याची दोन वेगळी टोकं धरली.

आता गंमत ऐका. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, पपईसारखं. नर झाड सडपातळ असतं आणि लवकर वाळतं. त्याचा धागा मऊ निघतो, म्हणून जर्मन शेतकरी ते आधी उपटून घेत. मादी झाड दांडगं, बी पिकेपर्यंत उभं राहणारं. जुन्या शेतकऱ्यांनी हिशेब साधा केला: जे नाजूक ते बाईमाणूस, जे दांडगं ते पुरुष. म्हणून नर झाडाला ते 'फेमेल' किंवा 'फिमेल' म्हणत, लॅटिनमधल्या 'छोटी स्त्री' या शब्दावरून, आणि मादीला 'मास्टेल', म्हणजे पुरुष. नावं सरळ उलटी! जंगलात मधली निवडक झाडं तेवढी तोडायची पद्धत असते, तिला जर्मन वनखातं आजही 'फेमेलहीब' म्हणतं. तो शब्द या हान्फच्या शेतातूनच तिकडे गेला.

हा उलटा हिशेब सुलटा करणारा माणूस ट्युबिंगनचा. रुडॉल्फ याकोब कामेरारियुस, तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक आणि वनस्पती उद्यानाचा प्रमुख. 25 ऑगस्ट 1694 या तारखेचं त्याचं एक लांबलचक पत्र प्रसिद्ध आहे. वनस्पतींनाही लिंग असतं, परागाशिवाय बी धरत नाही, हे त्याने प्रयोग करून दाखवलं. एरंड, मका, तुती, पालक अशी झाडं त्याने घेतली, आणि त्यात हान्फही होता. बाकीच्यांनी त्याला साथ दिली, हान्फने दगा दिला. नर दूर केले तरी माद्यांना काही बिया धरल्याच. हे त्याला फार लागलं, पण त्याने ते लपवलं नाही, पत्रात लिहून टाकलं. मला हा माणूस त्या एका कबुलीमुळे आवडतो. आज आपल्याला कारण ठाऊक आहे: हान्फचे पराग वाऱ्यावर फार लांबून येतात, आणि कधी कधी मादी झाडच स्वतःवर दोन-चार नरफुलं काढतं.

पुढे 1760 च्या सुमारास स्वीडनच्या लिनियसने तोच प्रयोग घरात केला. दोन कुंड्यांत बी पेरलं, दोन वेगवेगळ्या खोल्यांत खिडकीशी ठेवल्या. एकीत नर-मादी एकत्र राहू दिले, दुसरीतले नर दिसताक्षणी काढले. पहिलीत बी आलं. दुसरीतल्या माद्या बी न धरता फुलतच राहिल्या, वाट पाहिल्यासारख्या. खिडकीतली कुंडी, नर काढलेले, मादी फुलत राहिलेली. तंबूतही हेच चालतं. लिनियसला मात्र फक्त बी कसं धरतं ते बघायचं होतं.

तीच गोष्ट आपल्या उपखंडातले शेतकरी पोटासाठी करत होते. बंगालात नौगाव भागात (आता तो बांगलादेशात आहे) गांजाचं मोठं पीक होतं. तिथे 'पोद्दार' किंवा 'परखदार' नावाचा जाणकार असे. साहेबलोक त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. फूल उमलायच्या आधी, नुसत्या कळीवरून तो नर ओळखायचा. सरीसरीने चालत जाऊन नर मोडून ठेवायचा, आणि मागून शेतकरी ते उपटून टाकायचे. एक चुकला तर आजूबाजूच्या माद्या बी धरणार, आणि माल पडणार. खालच्या फांद्या छाटून जोर वरच्या शेंड्यांना देण्याची पद्धतही तिथे होती. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात ना, फुटवे जास्त यावेत म्हणून? झाडाला वळण लावायचं हे ज्ञान शेतकऱ्याच्या बोटांत फार जुनं आहे. आजची मुलं त्याला 'ट्रेनिंग' म्हणतात.

या सगळ्याची पाहणी 1893-94 साली एका सरकारी आयोगाने केली, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला होता की गांजाने हिंदुस्थानातली माणसं वेडी होतात का. आयोगाने 1193 साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या, आणि त्यातल्या कितीतरी नोंदी भरवशाच्या नाहीत असं त्याला आढळलं. कारण सापडलं नाही की रकान्यात 'गांजा' लिहून मोकळं व्हायचं, असा प्रकार. सात खंडांच्या अहवालाचा सूर असा: बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवाना लावून आवरा. सरकारला त्यातून महसूल मिळत होता, हेही विसरू नका.

आता येऊ त्या 'ऑटो' शब्दावर, कारण ताईंच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

आपल्याकडचं झाड रात्र मोजतं. पावसाळ्यात पेरलं की वाढतं, आणि दिवस आखडायला लागले, रात्र लांबली की फुलोऱ्यावर येतं. नगरला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि दसरा-दिवाळीनंतरही ऊन पिकवणारं असतं. ट्युबिंगनला जूनमध्ये दिवस सोळा तासांचा. तिथे नगरचं बी लावलं तर ते उन्हाळाभर नुसतं उंच होणार, फुलायचं मनावर घेईल तोवर सप्टेंबर उलटणार, आणि पिकायच्या वेळी धुकं, ओल, हिमकण. झाड मरतं ते कायद्याने नव्हे, कॅलेंडरने.

झाड रात्र मोजतं हे कळलं कधी? पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्नुआ नावाचा तरुण 1912 च्या सुमारास हान्फ आणि हॉप यांना दिवसातून थोडेच तास उजेड देऊन बघत होता. झाडं वेळेआधी फुलली. दिवस लहान झाल्याने नव्हे तर रात्र लांबल्याने हे होतं, इथपर्यंत तो पोचला होता. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि तो त्यातच गेला. त्याच दशकात हायडेलबर्गला गेओर्ग क्लेब्स भर हिवाळ्यात एका खोलीत विजेचे दिवे अखंड लावून बसला होता. त्याच्या समोर सेम्पर्विवुम, म्हणजे इथल्या कौलांवर, दगडी भिंतींवर दिसणारी ती गुलाबासारखी मांसल पानांची रोपं. ती हिवाळ्यात फुलली. क्लेब्स म्हणाला, उजेड इथे अन्न म्हणून नाही, इशारा म्हणून काम करतोय. मग 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांनी या साऱ्याला नियमाचं रूप आणि नाव दिलं. हायडेलबर्गची ती खोली म्हणजे तळघरातल्या तंबूची आजीच. साध्या जातीचं झाड तंबूत वाढवणारा माणूस बारा तास दिवा, बारा तास अंधार असं घड्याळ लावतो, तेव्हा तो जर्मन तळघरात दख्खनची दिवाळी आणत असतो.

ऑटोफ्लॉवर हे घड्याळच मानत नाही. 1924 मध्ये रशियातल्या व्होल्गाकाठच्या साराटोवच्या यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिकडच्या रानटी हान्फला 'रुडेरालिस' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पडक्या जागी, उकिरड्यावर उगवणारा. उत्तरेत उन्हाळा आखूड आणि दिवस लांब, तिथे रात्रीची वाट पाहणारं झाड बी न टाकताच मरेल. म्हणून ते वयावर फुलतं: उगवल्यावर तीन ते पाच आठवड्यांत, उजेड कितीही असो. फिनलंडमध्ये 1990 च्या दशकात उत्तर रशियाच्या बियांपासून 'फिनोला' ही तेलबियांची जात झाली, तीही याच स्वभावाची. कॅनडातल्या एका टोपणनावाच्या पैदासकाराने 2000 नंतर 'लोरायडर' नावाचं बुटकं वाण बाजारात आणलं आणि तिथून छंदिष्टांत ऑटोची लाट आली. ताईंच्या मुलाच्या झाडात बहुधा दोन्ही रक्तं आहेत: वयावर फुलायची सवय उकिरड्यावरच्या रशियन हान्फची, आणि फुलातला चीक आपल्याकडच्या गांजाच्या कुळातला. तेव्हा "साधं झाड नाही" हे खरं, आणि "गांजाच ना?" याचं उत्तरही होय.

या सवयीमुळेच तंबूतलं वळण लावणं बदललं. पूर्ण आयुष्य नऊ ते बारा आठवड्यांचं. शेंडा खुडला तर जखम भरून यायला वेळ जातो, आणि या झाडाकडे तोच नसतो. म्हणून बहुतेक जण खुडत नाहीत, कोवळी फांदी हलकेच वाकवून कुंडीच्या काठाला सुतळीने बांधतात, म्हणजे उजेड सगळ्या फांद्यांना सारखा मिळतो. कुंडी बदलायचंही टाळतात. दिवा शेवटपर्यंत अठरा-वीस तास. वीजबिल ताईंनी पाहिलं असेलच.

कायद्याची वाट मात्र वाकडी आहे. 1925 च्या जिनीव्हा करारानंतर 1929 च्या जर्मन अफू कायद्यात 'इंडियन हेम्प' आला, म्हणजे नगरचा माल बंद, दोराचा हान्फ चालू. युद्धाच्या काळात तर हान्फ लावा म्हणून सरकारी प्रचार होता. 1972 ला अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. 1982 मध्ये दोराचा हान्फही बंद, कारण दोन्हींत फरक कोण करणार! 1996 ला कमी नशेच्या जाती पुन्हा मोकळ्या झाल्या, 2017 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध, आणि 1 एप्रिल 2024 पासून सज्ञान माणसाला घरात तीन झाडं.

ही मोकळीक आहे, पण कुंपणासह. अठरा वर्षं पूर्ण हवीत, आणि इथे किमान सहा महिने वास्तव्य हवं, म्हणजे पाहुण्या सासूबाईंना त्यांच्या नावावर वेगळी तीन झाडं लावता येणार नाहीत. घरात सुकवलेला माल 50 ग्रॅमपर्यंत, बाहेर अंगावर 25. तीन झाडं जोमाने आली तर 50 सहज ओलांडतात, जादा नष्ट करावं लागतं. ते कोणाला द्यायचंही नाही, भेट म्हणूनसुद्धा नाही. तंबूला कुलूप हवं. धाकटी भावंडं घरात असतील तर हे मी दोनदा सांगते. शेजाऱ्यांना वासाचा असह्य त्रास होता कामा नये, म्हणून कार्बन फिल्टर. आणि अठराखालच्या मुलांसमोर ओढायचं नाही.

राहिल्या सासूबाई. ताई, माझं मत विचाराल तर लपवू नका. त्यांच्या गावच्या पिकाची गोष्ट त्यांनाच सांगा, वासरीत असलेल्या आठवणी कदाचित त्यांच्याकडून तुम्हालाच ऐकायला मिळतील. मात्र त्यांची परतीची बॅग तुम्ही स्वतः भरा. भारतात 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. भांगेची पानं त्यातून सुटतात, ती प्रत्येक राज्याच्या नियमांवर; पण फुलोरा, म्हणजे गांजा, सुटत नाही. झाड लावण्याला तिथे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुंबई विमानतळावर कोणी जर्मन कायदा वाचून दाखवू शकत नाही. नातवाने कौतुकाने आजीच्या पिशवीत टाकलेली एक काडीसुद्धा नको, आणि तळघरातल्या सुतळीचा रिकामा वाटणारा डबाही आधी उघडून बघा.