कासवाचे गुरु

गणितांत उत्तर चुकलें कीं वहीवर लाल फुली पडते व विचार तेथेंच थांबतो. ही रीत पालटण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत झाला. १९६७ सालीं फॉयरझाइग, सॉलोमन व पॅपर्ट यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. पुढें तिच्या आज्ञेनें जमिनीवर रेघ ओढीत चालणारें यांत्रिक कासव आलें. चौरसासाठीं ‘पुढें १००, उजवीकडे ९०’ असें चारदां सांगावयाचें. त्रिकोणासाठीं मूल तीनदां ६० अंश सांगे, तों अर्धा षट्कोनच उमटे. मग मूल स्वतः कासवासारखें चालून पाही, आणि वळण १२० अंशांचें हवें हें त्यास उमगे. यंत्रानें मुलास पढवावें कीं मुलानें यंत्रास, हा प्रश्न पॅपर्ट यांनीं १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ ग्रंथांत मांडिला. कौल त्यांनीं मुलाच्या बाजूनें दिला.