घरात माणसं सहा, बजेट आठ लाख : रेनो ट्रायबरचा विचार करावा का?

आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं. दारात उभी आहे स्विफ्ट किंवा वॅगन आर. गणपतीला गावी जायची वेळ आली की दर वर्षी तोच प्रश्न येतो, धाकट्याला मांडीवर घ्यायचं की आजोबांना एसटीने पुढे पाठवायचं? मग पुढची गाडी मोठी घ्यायची असं ठरतं आणि कुणीतरी लगेच सांगतं, "अर्टिगा घ्या, डोळे झाकून."

सल्ला चुकीचा नाही. अर्टिगा २०१२ पासून बाजारात आहे आणि विक्रीच्या यादीत कायम वरच्या ठिकाणी असते. पण तिची किंमत आज नऊ लाखांच्या आसपास सुरू होते आणि मधलं व्हेरियंट ऑन-रोड घेईपर्यंत आकडा बराच पुढे जातो. ज्यांचं बजेट सात-आठ लाखांवर थांबतं, ते मग पुन्हा पाच सीटर एसयूव्ही बघायला लागतात. याच जागेत एक गाडी २०१९ पासून उभी आहे, रेनो ट्रायबर. रस्त्यावर ती दिसते, पण गाडी घेण्याच्या चर्चेत तिचं नाव सहसा शेवटी निघतं, तेही कुणी काढलं तर.

मुळात ही गाडी कुठल्या जातीची?

अमेरिकेत हिला मिनीव्हॅन म्हणतील, आपल्याकडे एमपीव्ही किंवा सरळ 'सात सीटर'. या प्रकारात रेनो नवखी नाही. युरोपात १९८४ साली आलेली एस्पास आणि १९९६ ची सीनिक या तिच्याच गाड्या. लहान गाडीच्या लांबीत घरभर माणसं आणि सामान बसवायचं, हे सीनिकचं सूत्र होतं. भारतात रेनोने २०१५ मध्ये लॉजी आणली. गाडी ऐसपैस होती, डिझेल इंजिन दमदार होतं, तरी ती चालली नाही आणि २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तेव्हा बंद झाली. होंडाची मोबिलिओ, शेवरलेची एंजॉय, डॅटसनची गो प्लस याही याच वाटेने गेल्या. अर्टिगासमोर उभं राहून टिकणं किती अवघड आहे, ते एवढ्यावरून कळतं.

ट्रायबर टिकली, त्याचं एक कारण तिच्या लांबीत आहे. ती चार मीटरपेक्षा अगदी थोडी कमी लांब आहे.

चार मीटरचा हिशोब

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि छोट्या इंजिनच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. तेव्हापासून भारतातल्या निम्म्या गाड्यांचा आकार डिझायनरपेक्षा कर खात्यानेच ठरवला, असं म्हटलं तरी चालेल. जीएसटी आल्यावरही ही रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक आणखी वाढला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सेससकट २९ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि दीड लिटर इंजिनची, त्यामुळे ती ४० टक्क्यांच्या गटात गेली.

जुलै २०२५ मध्ये नव्या रूपात आलेल्या ट्रायबरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ६.२९ लाख होती. जीएसटी बदलानंतर ती ५.७६ लाखांवर आली. वर आरटीओचा कर आहेच. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत ११ टक्के लागतो. सात लाखांच्या व्हेरियंटवर ७७ हजार झाले, विमा वेगळा. म्हणजे आठ लाखांच्या बजेटमध्ये सुरुवातीची नाही, तर मधल्या दर्जाची ट्रायबर बसते.

सात सीटर म्हणून बघितली की निराशा

शोरूममध्ये गेल्यावर बहुतेकजण मागचं दार उघडतात आणि तिथेच मन उतरतं. सातही सीट लावलेल्या असताना डिकीत उरते फक्त ८४ लिटर जागा. शाळेची तीन-चार दप्तरं मावतील, एवढीच. सात माणसं आणि सात माणसांच्या बॅगा या गाडीत जात नाहीत, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या रांगेतल्या दोन सीट वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही काढून घरी ठेवता येतात. एक सीट काढली की गाडी सहा सीटर होते आणि डिकी ३२० लिटरची. दोन्ही काढल्या की ६२५ लिटर. तुलनेसाठी, स्विफ्टची डिकी २६५ लिटर आहे. अर्टिगाची तिसरी रांग दुमडता येते, पण गाडीबाहेर काढता येत नाही. दुमडल्यावर ५५० लिटर जागा मिळते.

आता वरच्या सहा माणसांच्या घराचा विचार करा. त्यांना सात सीट लागतच नाहीत. एक सीट माळ्यावर टाकली की सहा जण आणि स्विफ्टपेक्षा जास्त सामान, असा हिशोब जमतो. वर्षातले उरलेले दिवस, म्हणजे शाळा, ऑफिस, बाजारहाट यासाठी, पाच सीटर आणि मोठी डिकी. या वापराला ट्रायबरच्या किमतीत दुसरी गाडी सापडणं कठीण आहे. फ्लॅटमध्ये काढलेली सीट ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा. ब्रोशरमध्ये माळा दाखवलेला नसतो.

मधली रांग ६०:४० अशी विभागलेली आहे. ती मागेपुढे सरकते आणि पाठ कलतीही करता येते. मधल्या रांगेला बाजूच्या खांबांतून आणि तिसऱ्या रांगेला छतातून एसीची हवा मिळते. तिसऱ्या रांगेत दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं आरामात बसतात. मोठी माणसंही बसतात, पण तासभरच, त्यानंतर गुडघे बोलायला लागतात. आजी-आजोबांना तिथे चढवू नये. सीट पुढे करून वाकून आत शिरावं लागतं, आणि उतरताना तर जास्तच त्रास होतो.

घाटात काय होतं?

ट्रायबरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार रास्त आहे. तिचं इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ७२ पीएस ताकदीचं आहे आणि टॉर्क ९६ न्यूटन मीटर. याच कुटुंबातल्या कायगर गाडीला १०० पीएसचं टर्बो इंजिन मिळतं. ट्रायबरला मात्र २०२५ च्या नव्या रूपातही ते मिळालं नाही.

आकडेमोड करून बघू. गाडीचं वजन साधारण ९५० किलो. दोघंच बसले, सरासरी ६० किलोचे, तर एक टन वजनामागे सुमारे ६७ पीएस मिळतात. शहरात एवढं पुरतं. सात जण बसले की ४२० किलो वाढतात आणि टनामागे साधारण ५२ पीएस उरतात. अर्टिगा १०३ पीएसची आहे. सात माणसं बसल्यावरही तिच्याकडे टनामागे ६४-६५ पीएस राहतात. म्हणजे भरलेली अर्टिगा जवळपास रिकाम्या ट्रायबरसारखी चालते.

आंबा घाटात किंवा फोंडा घाटात याचा अर्थ असा, की भरलेली ट्रायबर दुसऱ्या गियरवर चढेल, तीव्र वळणावर पहिला टाकावा लागेल, आणि समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायचा मोह आवरावा लागेल. ती चढत नाही असं नाही, निवांत चढते. वर्षातून दोन-तीनदा घाट असेल तर हे चालवून घेता येतं. कोल्हापूरहून दर पंधरा दिवसांनी पूर्ण कुटुंबासह रत्नागिरीला जाणाऱ्यांनी मात्र पैसे साठवून अर्टिगाच घ्यावी. एएमटीपेक्षा मॅन्युअल घाटात बरं, कारण गियर कधी बदलायचा ते आपल्या हातात राहतं.

चार स्टार, पण कधीचे?

ग्लोबल एनकॅपने २०२१ मध्ये ट्रायबरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार आणि मुलांसाठी तीन स्टार दिले होते. जाहिरातीत आणि फॉरवर्डमध्ये हे चार स्टार अजून फिरतात. पण २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले. बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी आणि स्थिरता राखणारी ईएससी यंत्रणा यांचाही त्यात विचार होऊ लागला. त्यामुळे जुने चार स्टार आजच्या भारत एनकॅपच्या स्टारशेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. २०२५ च्या रूपात सगळ्या व्हेरियंटला सहा एअरबॅग आहेत, ही सुधारणा मोठी आहे. तिसऱ्या रांगेत मुलं बसणार असतील तर पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. तिथे मुलाच्या पाठीमागे सीटची पाठ आणि डिकीचं दार, एवढंच असतं.

वापरलेली घ्यायची असेल तर

जुन्या बाजारात ट्रायबरला मारुतीसारखा भाव येत नाही. विकताना हे खटकतं, पण घेताना फायद्याचं ठरतं. २०१९ च्या पहिल्या गाड्या बीएस-४ आहेत, जानेवारी २०२० पासूनच्या बीएस-६. सुरुवातीला खालच्या व्हेरियंटला दोनच एअरबॅग होत्या, सर्वात वरच्याला चार. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ई-२० पेट्रोलबद्दल मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचून घ्या. आणि मालकाला तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट दाखवायला सांगा. काढून ठेवलेली सीट घर बदलताना हरवते, आणि हे लक्षात येतं ते व्यवहार झाल्यावर.

सीएनजीचं किट रेनोच्या डीलरकडे २०२५ पासून बसवून मिळतं. ट्रायबरसाठी त्याची किंमत सुरुवातीला ७९,५०० रुपये होती. सिलिंडर नेमका कुठे बसणार, ते बुकिंगआधी डोळ्यांनी बघा. तो डिकीत आला तर वरचा ३२० लिटरचा सगळा हिशोब कोलमडतो.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नये. सहाच्या सहा जण घेऊन जा, एसी सुरू ठेवा आणि जवळचा एखादा चढाचा रस्ता किंवा उड्डाणपूल मागून घ्या. सेल्समन थोडा कुरकुरेल.