नळीचं न दिसणारं म्हातारपण

ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर माती भरलेली बकेट उचलतो तेव्हा श्रेय पंपाला आणि जॅकला मिळतं. पुस्तकांतला इतिहासही याच वळणानं जातो: ब्रामा, आर्मस्ट्राँग, फर्ग्युसन. पंपातून निघालेलं तेल हलत्या बाहूपर्यंत पोचवणारी रबरी नळी, वर्कशॉपच्या भाषेत होज पाईप, या कथेत सुट्या भागांच्या यादीतच राहते. ही मांडणी अपुरी आहे. स्थिर यंत्राला लोखंडी पाईप पुरतो. यंत्राचा हात बिजागरीवर फिरू लागला की वाकणारा दुवा लागतो, आणि तेलाचा दाब सोसणारा तसा दुवा हाताशी येईपर्यंत आजच्यासारखा सुटसुटीत लोडर बनणं शक्यच नव्हतं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. साडेतीनशे वर्षांत ही नळी मजबूत होत गेली, आणि जितकी मजबूत झाली तितकी तिची झीज डोळ्याआड गेली. चामड्याची नळी आपलं दुखणं गळून सांगायची. आजची नळी पुष्कळदा फुटेपर्यंत काही सांगत नाही. तिची निगा राखण्याच्या पद्धती, आणि त्यात होणारी हेळसांडही, या फरकातून उलगडते.

सुरुवात आगीच्या बंबांपासून करावी लागते. १६७० च्या दशकात ॲम्स्टरडॅममध्ये यान व्हान डर हायडन यानं भावाच्या मदतीनं बंबाला चामड्याची शिवलेली नळी जोडली. हा माणूस मुळात चित्रकार, शहराच्या रस्त्यांची आणि कालव्यांची चित्रं काढणारा. त्याआधी बंबाची तोटी टाकीवरच घट्ट बसवलेली असे, त्यामुळे पाणी बाहेरून जळत्या घराच्या दर्शनी भागावर पडे आणि आत आग चालूच राही. पितळी जोडांनी एकमेकांत अडकवलेल्या नळीच्या तुकड्यांमुळे माणसं पाणी घेऊन आत शिरू लागली. या नळीची दुखरी जागा म्हणजे शिवण. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये सेलर्स आणि पेनॉक यांनी १८०७ च्या सुमाराला दोऱ्याऐवजी तांब्याच्या रिव्हेटांनी कडा जोडल्या, आणि नळी जास्त दाब सोसू लागली. तरी चामडं ते चामडंच. भिजून तसंच राहिलं तर कुजतं, सुकून कडक झालं तर तडकतं. म्हणून आग विझली की नळ्या धुवायच्या, टांगून वाळवायच्या, चरबी किंवा तेल चोळून मऊ ठेवायच्या, हा बंबवाल्यांच्या कामाचाच भाग होता. या कटकटीतून एक फायदा आपोआप मिळे. नळीचा प्रत्येक हात दर वापरानंतर कुणाच्या तरी हाताखालून जाई. निगा आणि तपासणी ही दोन कामं तेव्हा वेगळी नव्हती.

यावर आक्षेप येईल की हे जुन्या काळाचे गोडवे गाणं झालं. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते तपासायला हॉलंडपर्यंत जावं लागत नाही. दख्खनच्या विहिरींवर सोंडेची मोट चालत होती. तिची चामडी सोंड म्हणजे पाणी वाहणारी, वाकणारी नळीच. दाब मात्र नावापुरता. मोट वर येताना सोंदूर नावाची दोरी सोंडेचं तोंड वर धरून ठेवी, आणि काठावरच्या थारोळ्याशी सोंड खाली ओढली जाऊन पाणी ओतलं जाई. मोट शिवण्या-सांधण्याचं काम चांभाराकडे, नाडा आणि सोंदूर वळण्याचं मांगाकडे, आणि त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या धान्यात. देखभालीची व्यवस्था म्हणून पाहिलं तर ती पक्की होती: काय बिघडलं की कुणाकडे जायचं हे ठरलेलं. पण ती पक्की होती ती जातीनं बांधलेल्या श्रमावर, आणि धान्याचं माप घेणाऱ्याच्या नव्हे, देणाऱ्याच्या हातात असे. चामड्याची नळी सतत लक्ष मागते याचा अर्थ ती सतत कुणाचे तरी कष्ट मागते. ते कष्ट स्वस्त होते तोवर तिची निगा राहिली. तेव्हा चामड्याकडे परत जावं असा इथला दावा नाही. रबर आलं तेव्हा कष्ट वाचले, आणि कष्टांबरोबर घडणारी तपासणीही गेली, एवढंच म्हणायचं आहे.

दाबाचं शास्त्र तोवर वेगळ्या वाटेनं पुढे गेलं होतं. जोसेफ ब्रामा यानं १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. दट्ट्याच्या कडेनं होणारी गळती हेन्री मॉड्स्ले यानं चामड्याच्या वाटीनं थांबवली. दाब वाढला की वाटीची कड आणखी घट्ट बसे. १८४६ मध्ये विल्यम आर्मस्ट्राँगची पाण्याच्या दाबावरची क्रेन न्यूकॅसलच्या धक्क्यावर उभी राहिली. लंडनमध्ये तर रस्त्यांखालून दाबाचं पाणी विकणारी कंपनी १९७७ पर्यंत चालू होती. हे सगळं लोखंडी नळांवर चाललं. दरम्यान चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली होती, आणि १८७० मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला सुरू झालेला गुडरिचचा कारखाना आगीच्या बंबांसाठी सुताचं आवरण असलेल्या रबरी नळ्या बनवत होता. म्हणजे दाबही होता, रबरी नळीही होती. तरी तेलावर चालणारा लोडर यायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षं लागली. पंप लहान आणि स्वस्त होणं, ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या आवाक्यात येणं ही त्याची कारणं खरी. पण एक कारण रसायनाचं आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं, निकामी होतं. १९२० च्या दशकात मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक आले तेव्हा त्यांत एरंडेलावर आधारलेला द्रव वापरला गेला तो याचसाठी: एरंडेल रबराला खात नाही. खनिज तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर त्यानंतर आलं. अमेरिकेत ड्यूपाँटचं निओप्रीन १९३१ मध्ये, आणि त्याच दशकात जर्मनीत नायट्राइल. मग दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांनी नळ्या आणि फिटिंग यांची मागणी अफाट वाढवली.

फर्ग्युसनचं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे, कारण ते या मांडणीच्या विरोधात काढलं जाऊ शकतं. हॅरी फर्ग्युसनची तीन-बिंदू जोडणी १९३९ चा फोर्ड ९एन आणि १९४६ चा टीई-२० या ट्रॅक्टरांमुळे जगभर पसरली. ट्रॅक्टरवरचं हायड्रॉलिक म्हणजे फर्ग्युसन असं समीकरणच झालं. नांगर उचलणाऱ्या त्या लिफ्टला होज पाईप लागतच नव्हता. पंप आणि जॅक दोन्ही मागच्या ओतीव घरात बसवलेले. तेल घराबाहेर पडतच नसे. मग नळीला एवढं महत्त्व कशाला? तर नेमकं याचमुळे. नांगर मागे उचलायचा तोवर तेल घरात राहिलं. काम पुढे गेलं, लोडरचे दोन बाहू ट्रॅक्टरच्या नाकापुढे वर-खाली होऊ लागले, बकेट त्यांच्या टोकाला उलटी-सुलटी होऊ लागली, तेव्हा तेलाला घर सोडून बिजागरीवरून जावं लागलं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यानं १९४९ मध्ये फोर्डसन मेजरसाठी हायड्रॉलिक लोडर बनवला आणि १९५३ मध्ये त्याच ट्रॅक्टरच्या मागे खोदणारा हात जोडला. आज महाराष्ट्रात गावोगाव दिसणाऱ्या पिवळ्या बॅकहोचा हा पूर्वज. जपानच्या कुबोटानं १९६० च्या दशकात छोटे ट्रॅक्टर आणले आणि पुढे त्यांनाही लोडर बसू लागले. यंत्र लहान झालं. नळ्यांची संख्या तेवढी कमी झाली नाही.

छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरमध्ये आज साधारण २,००० ते २,५०० पीएसआय दाब असतो. मोटारीच्या टायरात तिशीच्या आसपास. हा दाब नळीचं रबर सोसत नाही, रबराच्या दोन थरांमधली पोलादी तारेची जाळी सोसते. आतलं रबर तेल धरून ठेवतं, बाहेरचं रबर जाळीचं पाण्यापासून रक्षण करतं. नळी बाहूच्या कडेला घासून वरचं रबर गेलं की पाणी तारेपर्यंत पोचतं, तारा गंजतात, एकेक करून तुटतात, आणि तेलाचा थेंबही बाहेर येत नाही. कमी जागेत वाकवली, पीळ देऊन आवळली, सायलेन्सरजवळून नेली, तरी गत तीच. दाबाखाली नळीची लांबी किंचित कमी-जास्त होते. म्हणून ताणून बसवलेली नळी फिटिंगमधून निसटू पाहते. आणि या सगळ्यावर पांघरूण घालतो तो सुरक्षेचा गुणक. नळी कामाच्या दाबाच्या चौपट दाबाला फुटेल अशी बनवलेली असते. म्हणजे तिची निम्मी ताकद गेली तरी ती नव्यासारखीच काम करत राहते. चामड्याच्या नळीला असला वाव नव्हता, म्हणून ती प्रामाणिक होती.

आधी बारीक छिद्र पडलं तर ते फुटण्याहून वाईट. त्यातून उडणारी तेलाची धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीत घुसते. डिझेल इंजिनच्या दाबाखालचं इंधन शरीरात शिरल्याची नोंद अमेरिकन वैद्यक नियतकालिकात १९३७ मध्येच आली होती. जखम टाचणीएवढी, सुरुवातीला वेदनाही किरकोळ. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून नळीला हात लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून उरलेला दाब काढायचा, आणि गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं. हात फिरवून तपासण्याची चामड्याच्या काळातली सवय इथे घातक ठरते.

संरक्षणाचे उपायही याच पेचात सापडतात. प्लास्टिकची सर्पिल पट्टी, नायलॉनची बाही, पोलादी पत्र्याचं आवरण, नळ्या बाहूच्या पोटातून नेणं, हे सगळे घासण्यावरचे चांगले इलाज आहेत. नायलॉनची बाही तर नळी फुटली तरी धार अडवून तेल कडेनं ओघळू देते. पण झाकलेली नळी दिसत नाही. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळण्याच्या आपल्याकडच्या जुगाडात तर चिखल आणि पाणी आतच राहतं. जर्मनांनी यावर वेगळा तोडगा काढला. डीआयएन २००६६ या त्यांच्या मानकानुसार फिटिंग लावून तयार झालेल्या नळीचं आयुष्य, गोदामातली जास्तीत जास्त दोन वर्षं धरून, सहा वर्षांचं. नळी कशी दिसते हा प्रश्नच नाही.

ही उधळपट्टी आहे असं कुणी म्हणेल, आणि काही नळ्यांबाबत ते खरंच आहे: वर्षाला शंभर तास चालणाऱ्या, सावलीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची नळी सहा वर्षांनी बहुधा धडधाकट असते. पण ज्या वस्तूची झीज दिसत नाही तिच्याबाबत डोळ्यांपेक्षा तारखेवर भरवसा ठेवणं अधिक शहाणपणाचं. दहा वर्षांची मुदत ठेवा, पण मुदत ठेवा. भाड्यानं चालणाऱ्या आपल्याकडच्या यंत्रांत अडचण तिथेच आहे. मालक एकीकडे, पगारी ऑपरेटर दुसरीकडे, आणि मेकॅनिकला बोलावणं जातं ते पाईप फुटल्यावर. क्रिम्पिंगच्या दुकानात मापानं कापून तासाभरात नवा पाईप मिळतो, काम पुन्हा सुरू होतं, आणि तो कधी बसवला याची नोंद कुठेच होत नाही. नळीवर कारखान्यात छापलेली तारीख असते, पण ती नळी बनल्याची, आणि आखूड तुकडा कापताना ती ओळ दुकानातल्या रिळावरच राहून जाऊ शकते.