शब्दवेध : हिकमत

शहाणपणाला अरबीत ‘हिकमत’ म्हणतात. हैदराबादेत युनानी वैद्यकालाही हेच नाव आहे. चारमिनारलगतच्या निजामिया युनानी रुग्णालयातले वैद्य ते हकीम, त्यांची विद्या ती हिकमत. १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या मराठवाड्याच्या कानावरून याच कुळातले हुकूम, हाकीम, हुकूमत असे शब्द रोज जात. ह-क-म या मूळ धातूचा जुना अर्थ अरबी कोशकार ‘आवरणे, रोखणे’ असा देतात आणि घोड्याच्या लगामाच्या एका भागाला असलेल्या ‘हकमा’ या नावाकडे बोट दाखवतात. म्हणजे न्याय, सत्ता आणि वैद्यक या तिन्हींच्या मुळाशी संयम आहे. नाडी हाती धरून औषधाची मात्रा बेताने ठरवणारा हकीम या अर्थाला जागतो.

यावर कोणी म्हणेल, मराठीत तर हिकमत म्हणजे युक्ती, क्लृप्ती. एवढा थोर शब्द इथे घसरलाच की! मला तसे वाटत नाही. आपण ‘हिकमती’ म्हणतो ते अडचणीतून वाट काढणाऱ्याला. लबाडाला आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. शिवाय हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांत काम तडीस नेणारा माणूस उतावीळ असून चालत नाही. अर्थ ग्रंथातून व्यवहारात उतरला, पण त्याचा कणा शाबूत राहिला. नुसती माहिती म्हणजे शहाणपण नव्हे. कुठे थांबायचे हे कळणे, तेच शहाणपण.