ऑपेराच्या घरी ब्रॉडवेचा पाहुणा

ऑपेरा म्हणजे बहुतेक सगळं गाऊनच सांगायचं, तेही माईकशिवाय. म्युझिकलमध्ये संवाद, गाणी, नाच सगळंच. आपल्या संगीत नाटकाचा अमेरिकन चुलतभाऊच म्हणा ना! या दोघांना एका पंगतीला बसवायचं धाडस ‘न्यूयॉर्क सिटी ऑपेरा’नं १९५४ मध्ये केलं. सामान्यांना परवडेल असा ऑपेरा दाखवायला १९४३ साली निघालेली ही संस्था. तिनं जेरोम कर्न यांचं १९२७ चं ‘शो बोट’ रंगमंचावर आणलं.

१९८४ मध्ये ‘स्वीनी टॉड’ आलं. गिऱ्हाइकांचे गळे कापणाऱ्या न्हाव्याची ही गोष्ट १९७९ मध्ये ब्रॉडवेवर गाजली होती. संगीतकार स्टीफन सोंडहाइम म्हणत, ऑपेरा की म्युझिकल हे प्रेक्षक कोणत्या अपेक्षेनं येतो त्यावर ठरतं. मला हे अर्धंच पटतं. ऑपेराच्या घरी मोठा वाद्यवृंद मिळतो, कमावलेले गळे मिळतात; पण त्या कमावलेल्या आवाजात शब्द हरवतात, आणि सोंडहाइम यांची सारी गंमत शब्दांत!

मग माईक लावावा? मुळात बॅलेसाठी बांधलेल्या आपल्या नाट्यगृहात संस्थेनं १९९९ मध्ये ध्वनियंत्रणा बसवली, तेव्हा ऑपेराचे जाणकार खवळले. आपल्याकडे जुन्या गायक नटांची आठवण काढणारे रसिक खवळतात, तसेच.

म्युझिकलनं प्रेक्षक आले, पण तिजोरी सावरली नाही. २०१३ मध्ये संस्थेचं दिवाळं निघालं. २०१६ मध्ये नव्या लोकांनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा पहिला प्रयोग झाला ‘तोस्का’चा. १९४४ मध्ये पहिल्यांदा पडदा उघडला होता, तोही ‘तोस्का’साठीच.