गाथांतली ‘ती’
सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या नायिकेला बहुधा नावच नसते. दोन ओळींच्या गाथेत बोलते आहे कोण, सखी, दूती की ती स्वतः, हे गंगाधरभट्टांसारख्या टीकाकारांनी कित्येक शतकांनंतर ठरवले. एखादीला त्यांनी ‘कुलटा’ म्हटले, तरी गाथेच्या शब्दांत तो ठपका अनेकदा सापडत नाही. आजच्या वाचकाने आधी गाथा वाचावी, टीका नंतर. माझा तसा आग्रहच आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले पैठण. तिथली गोदावरी या महाराष्ट्री प्राकृत काव्यात पुन्हापुन्हा येते. तिच्या काठी भेटते ती नांगर धरणाऱ्याची सून. तिची इच्छा, तिचा राग, तिची हुशारी.