काका, हलू नका

सकाळी ७.१०
पोहे खाता खाता काकांच्या हातून चमचा गळाला. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं, शब्द फुटेना. घरच्यांना पित्त वाटलं. हातपाय चोळण्यात पाऊण तास गेला.

८.३५
कॅज्युअल्टी. सीटीत दिसलं, मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं, ते सुरू झालं. पण एवढी मोठी गुठळी बहुधा जांघेतून नळी सरकवून ओढूनच काढावी लागते.

९.२०
कॅथलॅब. भूलतज्ज्ञ मी. पूर्ण भूल द्यायची की नुसती गुंगी? गुंगीत वेळ वाचतो, रक्तदाब टिकतो. मी गुंगी दिली. दोन गोष्टी मात्र डोळ्यांसमोर होत्या. पोट भरलेलं होतं, आणि ‘काका, हलू नका’ हे त्यांना कळतच नव्हतं.

९.३८
नळी मानेपर्यंत पोचली आणि काकांनी डोकं झटकलं. पडद्यावरचं चित्र फिसकटलं. मी गुंगी वाढवली. ते घोरू लागले. ऑक्सिजन ९७ वरून ८६.

९.४४
उलटी. सक्शन, टेबल डोक्याकडून खाली, धावपळीत घशात श्वासाची नळी. आता पूर्ण भूलच.

९.४७
वरचा रक्तदाब १६५ वरून ८८. गुठळीपलीकडच्या पेशी शेजारच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या रक्तावर कशाबशा तगलेल्या असतात. दाब पडला की तेही आटतं. दाब वाढवणारं नॉरॲड्रेनालिन भरायला घेतलं. दाब १४० वर यायला सहा मिनिटं लागली.

१०.०२
काम पुन्हा सुरू. २४ मिनिटं गेली होती. अशा झटक्यात (स्ट्रोकमध्ये) मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

१०.३१
गुठळी निघाली. रक्त वाहू लागलं.

तिसरा दिवस
“बाबा, मला ओळखलंत?” मुलगा विचारत होता. काका नुसते बघत राहिले. उजवा हात चादरीवर तसाच पडलेला.

जर्मनीत हायडेलबर्गला १५० रुग्णांवर झालेल्या ‘सिएस्टा’ चाचणीत (२०१६) गुंगी पूर्ण भुलीपेक्षा सरस ठरली नाही. चूक गुंगीची नव्हती. या माणसाला ती झेपेल का, हे मी विचारलं नाही. ठरवून, दाब सांभाळून दिलेली भूल आणि घाईत द्यावी लागलेली भूल यांत फार अंतर आहे.

आता स्ट्रोकचा फोन आला की रुग्ण पोचण्याआधी मी नॉरॲड्रेनालिनची सिरिंज भरून ठेवतो. स्ट्रेचर आत आलं की दोनच प्रश्न विचारतो. शेवटचं कधी खाल्लं? सांगितलेलं समजतं का?